उन्हाळा लागला की दूध घटतं: डेअरीच्या स्लिपवरून कारण कसं शोधायचं

होळी झाली की कोल्हापूर जिल्ह्यातल्या गोठ्यांत एकच तक्रार सुरू होते. दिवाळीत दहा लिटर देणारी म्हैस सातवर आली, गाईची फॅट ३.५ च्या खाली गेली, दर पडला. कारण विचारावं तर उत्तर ठरलेलं: ऊन. ऊन आहेच. पण ऊन ३६-३७ अंशांवर जातं त्याच सुमाराला कारखान्यांचं गाळप संपतं, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परततात आणि चार महिने हाताशी असलेलं उसाचं वाडं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, एकदम बंद होतं. विहिरी उतरतात. गोचीड वाढते. दिवाळीच्या आधी व्यालेल्या म्हशी दुधाच्या सहाव्या-सातव्या महिन्यात गेलेल्या असतात. इतकी कारणं एकाच महिन्यात गोठ्यात शिरतात आणि आपण एक पंखा आणून टांगतो. पंख्यानं त्यातलं एक कारण कमी होतं, बाकीची तशीच राहतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

खालची पद्धत दोन ते आठ जनावरांच्या घरगुती गोठ्यासाठी आहे. पैसे खर्चायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं बघायचं आहे.

आधी स्लिप वाचा

दूध संस्थेत दूध घातलं की मिळणाऱ्या स्लिपवर लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) तिन्ही असतं. महिन्याभराच्या स्लिपा काढा आणि वहीत सकाळ वेगळी, संध्याकाळ वेगळी अशी मांडा. स्लिपवर सगळ्या म्हशींचं दूध एकत्र असतं, म्हणून तीन दिवस प्रत्येक जनावराचं दूध घरी लिटरच्या मापानं वेगळं मोजा. एवढ्यावर अर्धं निदान होतं.

सगळ्यांचं दूध हळूहळू घटलंय, फॅट मात्र तशीच किंवा थोडी चढलीय, तर पाणी आणि वैरण कमी पडतेय. लिटर तेवढंच आणि फॅट खाली, तर चारण्याच्या वेळा, वैरण-पेंडीचं प्रमाण किंवा धार काढण्याची पद्धत बघायची. फक्त संध्याकाळचं दूध घटलं असेल तर दुपारचा उष्मा नडतोय, कारण संध्याकाळची धार दिवसभरात बनलेली असते. सगळ्यांचं दूध एक-दोन दिवसांत धाडकन पडलं, तर काहीतरी बदललंय: वैरण, पेंडीचं पोतं, पाण्याची जागा, धार काढणारा माणूस, नाहीतर नुकतीच टोचलेली लस. आणि एकाच जनावराचं घटलं असेल तर ऊन विसरा, त्या जनावराला तपासा.

हिशेबात एक गोष्ट आधीच वजा करायला हवी. म्हैस व्याल्यावर दीड-दोन महिन्यांत दुधाला भरते आणि तिथून पुढे महिन्याला साधारण ७ ते १० टक्के दूध आपसूक उतरतं. भरात दहा लिटर देणारी म्हैस तीन महिन्यांनी साडेसात-आठवर येणं हे दुखणं नाही. ती पाचवर आली असेल तर मधले अडीच-तीन लिटर शोधायचे. शिवाय गाभण तारीख वहीत नसली की गोंधळ होतो. म्हशीचे दिवस ३१० आणि गाईचे २८० धरतात. सातव्या-आठव्या महिन्यातली गाभण म्हैस दूध कमी करणारच. तिला पेंड वाढवून दूध वाढवायचा प्रयत्न करू नका. विण्याआधी दोन महिने आटवा.

पाणी: सगळ्यात स्वस्त दुरुस्ती, म्हणून सगळ्यात जास्त दुर्लक्षित

दहा लिटर दूध देणाऱ्या म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी लागतं. तुमची म्हैस किती पिते ते अंदाजानं सांगू नका. एक दिवस २० लिटरच्या बादलीनं पाजा आणि मोजा. ६० च्या आत पीत असेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून इथूनच सुरुवात करा.

वाडं बंद झालं की पाण्याची गरज का वाढते, हे सहसा लक्षात येत नाही. २० किलो हिरव्या वाड्यातून जनावराच्या पोटात साधारण १४ लिटर पाणी नुसतं खाण्यातून जातं. त्याच्या जागी ६ किलो कडबा टाकला तर सुकं खाद्य जवळजवळ तेवढंच मिळतं, पण पाणी जेमतेम अर्धा-पाऊण लिटर. म्हणजे कडब्यावर आणलेल्या म्हशीला रोज १३ लिटर जास्त पाजायला हवं, आणि तेही ऊन वाढत असताना. दोन वेळा हौदावर सोडण्याची हिवाळ्यातली सवय तशीच राहिली तर दूध घटणारच. दावणीला बांधलेल्या जनावराला दिवसातून पाच वेळा तरी पाणी दाखवा. धार काढल्यानंतर लगेच आणि वैरण खाल्ल्यावर जनावर सगळ्यात जास्त पितं, त्या दोन वेळा चुकवू नका.

पाणी समोर असून पीत नसेल तर हौदात हात घाला. छपरावरची काळी टाकी आणि उन्हात पसरलेला काळा पाइप यातून दुपारी दोनला येणारं पहिलं पाणी हाताला चटका देतं. म्हैस तोंड लावते, नाक फुरफुरवते आणि मागे सरते. मालक म्हणतो, तहान नाही तिला. पाइप हातभर खोल गाडा किंवा पाचटाखाली झाका, टाकीवर सावली करा आणि पहिलं गरम पाणी झाडाला सोडून मग हौद भरा. हौदाच्या कडेला हिरवं शेवाळ बोटाला लागत असेल तर आठवड्यातून एकदा घासून आतून चुना लावा. शिरोळ-हातकणंगल्याच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी उन्हाळ्यात जास्त खारट होतं. तिथं पिण्यापुरतं नळाचं किंवा गोड्या विहिरीचं पाणी वेगळं ठेवा आणि बोअरचं पाणी धुण्याला वापरा. नदीवर न्यायची सवय असेल तर पंचगंगा तळाला गेल्यावर, केंदाळ साचलेल्या डोहाचं पाणी पाजू नका. डुंबू द्यायचं तर वाहत्या पाण्यात, आणि घरी पाजूनच न्या. युरिया टाकून पाणी सोडलेल्या सरीतलं किंवा ठिबकच्या खतटाकीजवळचं पाणी तहानलेलं जनावर ढसाढसा पितं आणि तासा-दोन तासांत आडवं होतं, तेवढी जागा बांधून घ्या.

वाडं संपण्याचा झटका

कोल्हापूरच्या गोठ्याची खरी गोम इथं आहे. गाळप हंगामात वाडं फुकट किंवा स्वस्त मिळतं, म्हणून चार महिने जनावर जवळपास वाड्यावरच असतं. वाड्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झलेट जास्त. ऑक्झलेट चाऱ्यातल्या कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि ते शेणावाटे निघून जातं. चार महिने हे चाललं की जनावर हाडांतलं कॅल्शियम काढून दुधात घालतं. मार्च येईपर्यंत साठा उतरलेला असतो. मग म्हैस भिंत चाटते, माती खाते, दुसऱ्याच्या दाव्याची दोरी चघळते, उठताना मागचे पाय थरथरतात. हे दिसलं की ऊन कारण नाही, हे समजून जा.

त्यातच एका आठवड्यात वाडं बंद आणि कडबा किंवा हत्तीघास चालू. पोटातले जंतू जुन्या वैरणीला सरावलेले असतात. नव्या वैरणीला जुळायला त्यांना दोन-अडीच आठवडे लागतात. तोवर जनावर खातं, पण अंगी लागत नाही. शेण बघा: कडब्याचे बोटभर लांब तुकडे न पचता पडत असतील किंवा शेण पातळ होऊन खाली पसरत असेल, तर बदल फार झपाट्यानं झालाय.

दुरुस्ती अशी. गाळप संपायला तीन आठवडे असतानाच नवी वैरण चालू करा. पहिले चार-पाच दिवस चार भागांत एक भाग नवी, पुढचे चार-पाच दिवस निम्मी, मग तीन भाग, मग पूर्ण. तोडणी संपून गेली असेल आणि नवं वाडं मिळत नसेल, तर घरात उरलंसुरलं वाडं आणि कडबा एकत्र कुट्टी करून त्याच प्रमाणात उतरवत आणा. कुट्टी केल्यानं जनावर वाड्याचा गोड भाग निवडून खाऊ शकत नाही. वाडं चालू असेपर्यंत त्यावर चुन्याची निवळी शिंपडा. म्हणजे चुना विरवून रात्रभर ठेवायचा आणि वरचं निवळ पाणी तेवढं घ्यायचं, खालचा गाळ नाही. जोडीला रोज ५० ते १०० ग्रॅम क्षार मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या पेंडीत. क्षार मिश्रण आठवड्यातून एकदा मूठभर टाकून उपयोग नाही. ते रोज लागतं, आणि वाडं बंद झाल्यावरही निदान दोन महिने चालू ठेवावं लागतं.

वाड्याला पर्याय काय? हत्तीघास ५५-६० दिवसांचा कापा. त्याहून जुना झाला की बुडखा काठीसारखा होतो आणि निम्मा दावणीत उरतो. हत्तीघासातही ऑक्झलेट असतं, म्हणून क्षार मिश्रण सोडायचं नाही. मका दाण्यात दूध भरल्यावर कापा. लसूणघास उत्तम, पण सुरुवातीला एका जनावराला ४-५ किलोच्या वर नको, आणि दव असताना तर नकोच. पोट फुगतं. मार्चअखेरीस कापायला मका हवा असेल तर तो मकरसंक्रांतीच्या सुमाराला पेरलेला हवा. म्हणजे एप्रिलच्या दुधाचा निर्णय जानेवारीतच होतो. यंदा ती वेळ गेली असेल तर कुणाचा मका उभ्यानं विकत घेऊन मुरघास (हवाबंद ठेवून मुरवलेला हिरवा चारा) करून ठेवा. दोन म्हशींना रोज १५ किलोप्रमाणे तीन महिन्यांना २,७०० किलो मुरघास लागतो. दाबून भरला तर घनमीटरला ५०० ते ६०० किलो मावतो, म्हणजे पाच घनमीटरचा खड्डा किंवा तेवढ्या पिशव्या. कुट्टी मुठीत घट्ट दाबून सोडा. गोळा हळूहळू सुटला आणि तळहात नुसता ओलसर झाला, तर भरायला योग्य. पाणी ठिबकलं तर एक दिवस सुकवा. बंद केल्यावर ४५ दिवस उघडायचा नाही.

नव्या पोत्याची पेंड हीसुद्धा बदललेली वैरणच. कंपनी किंवा गोळी बदलली तर तीही हप्त्याभरात मिसळत न्या.

लिटर आहे, फॅट गेली

हे बहुतेक वेळा आपणच करून घेतलेलं असतं. उन्हानं जनावर वैरण कमी खातं, दूध घटतं, म्हणून मालक पेंड वाढवतो. पेंड वाढली की वैरण आणखी कमी खाल्ली जाते. फॅट वैरणीच्या चोथ्यातून बनते, पेंडीतून नाही. वर उन्हात धापा टाकणारं जनावर लाळ गाळत असतं, आणि पोटातलं आम्ल निवळवणारा सोडा त्या लाळेतच असतो. पोट आंबट झालं की फॅट पडते, रवंथ मंदावतं.

प्रमाण साधं आहे. म्हशीला शरीरपोषणासाठी दीड किलो आणि वर दर लिटर दुधाला अर्धा किलो पेंड. गाईला लिटरला ४०० ग्रॅम. आठ लिटरच्या म्हशीला साडेपाच किलो झाली, ती तीन भागांत द्या. एका वेळी अडीच किलोच्या वर नको. खाण्याचा सोडा ५० ग्रॅम सकाळी, ५० ग्रॅम संध्याकाळी आंबोणातून. रवंथ मोजा: दुपारी बसलेल्या सगळ्या जनावरांपैकी निम्मी तरी रवंथ करत असायला हवीत, आणि एका घासाला ५० च्या आसपास चावे पडायला हवेत. तीस-पस्तीसवरच घास गिळत असेल तर चोथा कमी पडतोय. आंबोण भिजवून ठेवता त्या घमेल्याचा वास घ्या. हिवाळ्यात रात्रभर भिजलेलं चालतं, एप्रिलमध्ये ते सकाळपर्यंत आंबून फसफसतं. दोन-तीन तासांपेक्षा जास्त भिजवू नका, आणि उरलेलं पुढच्या वेळेत मिसळू नका.

वैरणीची वेळ बदलली तरी फॅटमध्ये फरक दिसतो. खाल्ल्यावर तीन-चार तासांनी पोटातली उष्णता सगळ्यात जास्त असते. सकाळी नऊ-दहाला कडब्याची पेंडी टाकली तर ती उष्णता नेमकी दुपारी एक-दोनला वर येते. सुकी वैरण संध्याकाळी सातनंतर आणि रात्री झोपताना टाका, दिवसभराच्या वैरणीतली दोन तृतीयांश तरी रात्री. कोल्हापुरात रात्री हवा उतरते, पश्चिमेचं वारं सुटतं, तेव्हा जनावर आपखुशीनं खातं. पहाटे पाचला हिरवी कुट्टी, दुपारी काहीच नाही किंवा थोडं ओलं.

धारेकडेही बघा. शेवटचं दूध सगळ्यात दाट असतं. घाईत धार अर्धवट सोडली किंवा शेवटच्या धारा रेडकाला सोडल्या, तर लिटर फारसं घटत नाही आणि फॅट मात्र जाते. रेडकाला पाजायचं तर एक सड सुरुवातीपासून सोडा. कॅन संस्थेत पोहोचेपर्यंत साय वर आलेली असते, नमुना काढायच्या आधी दूध वर-खाली ढवळून द्यायला सांगा. त्यासाठी भांडायची गरज नाही, फक्त समोर उभं राहावं लागतं.

उष्मा: पंख्याच्या आधी छप्पर

म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूप कमी, म्हणून ती पाणी आणि सावलीवर जगते. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय तर थंड मुलखातली, तिला आणखी लवकर त्रास होतो. जनावराला उष्मा लागलाय का हे ठरवायला दुपारी अडीच-तीनला बरगड्यांची हालचाल मोजा, पूर्ण एक मिनिट. म्हशीचा श्वास शांत असताना २० च्या आसपास असतो, गाईचा २०-३०. दुपारी ४० च्या पुढे गेला तर ताण सुरू झाला, ६० च्या पुढे दूध घटणार, ८० च्या पुढे किंवा तोंड उघडून जीभ बाहेर असेल तर ताबडतोब पाणी ओता. मोजल्याशिवाय उपाय केला तर तो लागू पडला की नाही हे कळत नाही.

पत्र्याचं छप्पर सात-आठ फुटांवर असेल तर पंखा तापलेली हवाच फिरवतो. आधी पत्र्यावर काम करा. चुना विरवून त्यात थोडा फेविकॉल घालून दोन हात द्या. मीठ घालू नका, पत्रा गंजतो. तोडणीनंतर पाचट मुबलक असतं, ते अर्धा फूट जाडीनं पत्र्यावर पसरून वरून जुनी जाळी बांधली की आतला फरक हाताला कळतो. फक्त पाचट पेटायला ठिणगी पुरते आणि चैत्रात शेजारचा कुणीतरी शेतातलं पाचट पेटवतोच. म्हणून दिवसातून दोनदा पाणी मारा, वायरिंग पत्र्याला लागून नको आणि स्वयंपाकाच्या चुलीचा धूर त्या बाजूला नको. ज्यांना ही राखण जमणार नाही त्यांनी चुनाच लावावा. नवं छप्पर करत असाल तर कडेला दहा फूट, मध्ये चौदा-पंधरा फूट उंची आणि लांबी पूर्व-पश्चिम. कौलारू गोठ्यात वरच्या बाजूला वारा निघून जायला फट ठेवा.

पाणी मारायचं तर असं: अंग कातडीपर्यंत भिजेल इतकं एक-दोन मिनिटं, मग दहा-पंधरा मिनिटं फक्त पंखा, मग पुन्हा पाणी. थंडावा पाणी सुकताना मिळतो, साचून राहिलेल्या ओलीनं नाही. बंद गोठ्यात दिवसभर फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारा फवारा) चालू ठेवला तर दमटपणा वाढतो आणि जनावराचा दम आणखी लागतो. राधानगरी, गगनबावड्याकडे आणि वळीव पडून गेल्यावर सगळीकडेच हे जाणवतं. पाणी पाठीवर मारा, कासेवर ओघळू देऊ नका. शेतीपंपाची लाईट दुपारी नसेल तर तिच्या वेळेत टाकी भरून घ्या आणि दुपारी ओलं पोतं पाठीवर टाकून दर अर्ध्या तासानं भिजवा. हे बिनलाईटचं काम आहे आणि दोन म्हशींना पुरतं.

एकाच जनावराचं घटलं तर

पहाटे पाचला ताप बघा, दुपारी नाही. निरोगी जनावराचा ताप १०१ ते १०२ फॅरनहाइट. दुपारच्या उन्हानं तो १०३ दाखवू शकतो, पण रात्रभर गारव्यात राहून पहाटेही १०३ च्या वर असेल तर ते ऊन नव्हे, आजार आहे.

ताप आहे आणि अंगावर गोचीड आहे, तर खांद्याच्या पुढची गाठ आणि कानाखाली चाचपा. लिंबाएवढी सुजलेली गाठ, फिकट हिरड्या, १०५-१०६ ताप, बहुतेक वेळा संकरित गाय: गोचिडातून येणारा थायलेरिया असू शकतो. लघवी चहा-कॉफीच्या रंगाची झाली तर बबेसिया, तोही गोचिडातूनच येतो. दोन्हीची औषधं वेगळी आणि डॉक्टरांनी रक्त बघून द्यायची. त्याच दिवशी बोलवा, उद्यावर नको.

गोचीड दरवर्षी परत येते, कारण आपण जनावरावर फवारतो आणि गोठा सोडतो. रक्त पिऊन टम्म झालेली मादी गळून पडते, भिंतीच्या चिरेत, खुंट्याच्या बुडात, गव्हाणीच्या सांध्यात शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. तिथं कंदील धरून बघा, राखाडी दाण्यांचे पुंजके दिसतील. म्हणून एकाच दिवशी जनावर आणि गोठा दोन्ही. डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के असेल तर लिटरला २ मिली, अमिट्राझ १२.५ टक्के असेल तरी लिटरला २ मिली. बाटलीवरची टक्केवारी वाचल्याशिवाय झाकणानं मोजू नका. त्याआधी जनावराला पोटभर पाणी पाजा आणि तोंडाला मुसकं बांधा, म्हणजे चाटणार नाही. फवारणी संध्याकाळी, हातमोजे घालून. कानाच्या आत, शेपटीच्या बुडाशी, जांघेत, गळ्याच्या पोळीखाली हातानं चोळा, तिथंच ती चिकटलेली असते. गव्हाण आणि हौद झाकून भिंतीवर चार-पाच फुटांपर्यंत मारा, मग चिरा सिमेंटनं बुजवून चुना द्या. पंधरा ते एकवीस दिवसांनी पुन्हा हेच सगळं. पहिल्या फेरीत अंडी मरत नाहीत, म्हणून दुसरी फेरी चुकली तर पहिली वाया गेली. दुभत्या जनावराला आयव्हरमेक्टिन टोचून घेऊ नका, ते दुधात उतरतं. रेडकं-वासरांचा डोस डॉक्टरांना विचारूनच.

ताप नाही, पण एकाच सडातून कमी येतंय, तर कास बघा. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपड्यांची पावडर विरघळवा. प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या वाटीत घेऊन तेवढंच द्रावण घाला आणि वाटी गोल फिरवा. दूध शेंबडासारखं घट्ट झालं तर त्या सडात दगडी (कासेचा दाह) सुरू होतेय, डोळ्यांना दूध चांगलं दिसत असलं तरी. धारेनंतर अर्धा तास जनावर बसू देऊ नका, पुढ्यात वैरण टाकली की ते उभं राहतं. तेवढ्यात सडाची तोंडं मिटतात.

एक दिवस घटलं आणि दुसऱ्या दिवशी भरून आलं, तर माज होता. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो, ओरडत नाही. पहाटे आणि रात्री नऊ-दहाला बसलेल्या म्हशीच्या मागे काचेसारखा चिकट सोट दिसतो का बघा. पहाटे दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

वळीव पडल्यावर

पहिल्या वळवानंतर कापलेल्या ज्वारीच्या सडांना हिरवेगार फुटवे येतात आणि सुकं खाऊन कंटाळलेलं जनावर त्यावर तुटून पडतं. गुडघ्याएवढ्या कोवळ्या कडवळात (चाऱ्यासाठी पेरलेल्या ज्वारीत) आणि अशा फुटव्यांत विष असतं, त्यालाच किराळ लागणं म्हणतात. खाल्ल्यावर पंधरा मिनिटांपासून तासाभरात जनावर लटपटतं, धापा टाकतं, तोंडाला फेस येतो, हिरड्या लालभडक होतात. तोंडातून काही पाजू नका, धापा टाकताना ते फुफ्फुसात जातं. डॉक्टरांना फोन करताना "किराळ" हाच शब्द आधी सांगा, म्हणजे ते सोडियम थायोसल्फेट घेऊन निघतील. पशुसंवर्धनाचा १९६२ हा क्रमांक मोबाइलमध्ये आधीच भरून ठेवा. कडवळ फुलोऱ्यात आल्यावरच कापा आणि तुटलेलं रान जनावरांसाठी पंधरा-वीस दिवस बंद ठेवा.

दूध फाटण्याच्या तक्रारीही याच दिवसांत. संध्याकाळचं दूध घरात ठेवून सकाळी घालायचं नाही. कॅनभोवती ओलं पोतं गुंडाळून तो पाण्याच्या टबात ठेवा, झाकणाचा रबर रोज काढून घासा. वास तिथूनच लागतो.

मे महिन्यात पावसाच्या आधी घटसर्प आणि फऱ्याची लस येते. टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध थोडं उतरतं, मानेवर गाठ येते, अंग तापतं. या दिवसांत पेंड वाढवू नका, वैरण बदलू नका आणि गोचिडाची फवारणीही त्याच आठवड्यात नको. लस सकाळी सहा-सातलाच टोचून घ्या, गाभण जनावर कितव्या महिन्यात आहे ते आधी सांगा, आणि लसीची तारीख दुधाच्या त्याच वहीत लिहा.